‘तीन’ची वाट : एका गेमची आणि त्याच्या चाहत्यांची सतरा वर्षे

घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मोबाइलवरून अचानक मान वर करतो आणि ओरडतो, ‘‘अम्मी, तीन कन्फर्म झाला!’’ अम्मीला वाटते निकाल लागला, किंवा क्रिकेटमध्ये काही घडले. तसे काही नसते. ‘हाफ-लाइफ’ नावाच्या गेमचा तिसरा भाग येणार अशी खबर त्याला लागलेली असते. ही खबर २००७ पासून अधूनमधून लागतच असते. जगभरच्या गेम खेळणाऱ्या मुलांमध्ये तो आता एक जुना विनोद झाला आहे, कारण २०२४ हे वर्ष संपले तरी तिसरा भाग आलेला नव्हता.

आम्ही पेशाने शिक्षक असल्यामुळे मधल्या सुट्टीत अशा खबरी कानावर पडतात. आणि पालकसभेत दुसरी बाजू ऐकू येते : ‘‘पोरगा गेम खेळतो ते एकवेळ समजू शकतो, पण जो गेम आलाच नाही त्यावर तासन्‌तास काय बोलतो?’’ पालकांचा वैताग आम्हाला समजतो. तरीही या बोलण्याकडे थोडे लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते. हातात आलेली खबर कशी तपासायची, कशावर किती भरवसा ठेवायचा, हे मूल याच बोलण्यातून शिकत असते, किंवा शिकायचे राहून जात असते. ‘हाफ-लाइफ’ची कहाणी त्यासाठी फार सोयीची आहे. तिच्यात अफवा भरपूर आहेत आणि त्या वेळी पडद्यामागे खरे काय चालले होते तेही आता बरेचसे बाहेर आले आहे.

गेम आहे तरी काय?

व्हॉल्व्ह ही अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातली कंपनी. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन यांनी ती १९९६ मध्ये सुरू केली. नोव्हेंबर १९९८ मध्ये तिचा पहिला गेम आला, ‘हाफ-लाइफ’. गॉर्डन फ्रीमन हा चष्मेवाला तरुण भौतिकशास्त्रज्ञ न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील ‘ब्लॅक मेसा’ नावाच्या गुप्त प्रयोगशाळेत कामाला जातो. एक प्रयोग फसतो, दुसऱ्याच एका जगाचा दरवाजा उघडतो, विचित्र जीव आत शिरतात. गॉर्डनच्या हाती पहिले हत्यार लागते ते वाकड्या टोकाची लोखंडी पहार.

गोळीबाराचे गेम त्याआधीही पुष्कळ होते. यात नवे होते ते कथा सांगण्याची पद्धत. मध्येच सिनेमा सुरू होऊन खेळणाऱ्याला बाजूला बसावे लागत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत आपण गॉर्डनच्या डोळ्यांनीच पाहतो आणि गॉर्डन स्वतः एक शब्दही बोलत नाही. हातात ब्रीफकेस घेतलेला, सूट घातलेला एक गूढ माणूस लांबून दिसतो आणि नाहीसा होतो. तो कोण, कोणासाठी काम करतो, हे गेम सांगत नाही. म्हणजे अंदाज बांधायची सवय चाहत्यांना गेमनेच लावली.

आपल्याकडच्या ज्या वाचकांची तरुणपणाची संध्याकाळ पंचवीस वर्षांपूर्वी सायबर कॅफेत गेली, त्यांना ‘काउंटर-स्ट्राइक’ आठवत असेल. त्याची सुरुवात याच ‘हाफ-लाइफ’वर चाहत्यांनी केलेल्या फेरफारातून झाली. तेव्हा मुलाला ‘‘हे काय खूळ आहे?’’ असे विचारण्याआधी घरातल्या एखाद्या मामूला किंवा चाचाला विचारून पाहावे, त्यांनाही थोडेफार ठाऊक निघेल.

दिलेला शब्द

दुसऱ्या भागाची घोषणा २००३ मध्ये झाली आणि सोबत तारीखही आली : ३० सप्टेंबर २००३. तारीख आली आणि गेली, गेम आला नाही. त्याच सुमारास जर्मनीतील एका तरुणाने कंपनीच्या संगणकांत शिरून अर्धवट गेमचा सगळा कोड चोरला आणि तो इंटरनेटवर पसरला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला न्यूवेल यांनी चोरी झाल्याचे जाहीर केले आणि चाहत्यांनाच तपासात मदत मागितली. पुढे त्या तरुणाने स्वतःच ईमेल करून कबुली दिली. २००६ मध्ये जर्मन न्यायालयाने त्याला दोन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा सुनावली. तो स्वतः या गेमचा मोठा चाहता होता. पुढचा भाग कसा असेल हे आधीच पाहण्याची ओढ त्याला इथवर घेऊन गेली. अंदाज बांधणे आणि दुसऱ्याच्या घरात शिरणे यांतली रेषा ओढीच्या भरात ओलांडली जाते. मुलांशी बोलताना हे उदाहरण जरूर सांगावे.

‘हाफ-लाइफ २’ अखेर १६ नोव्हेंबर २००४ रोजी आला आणि त्याचे मोठे कौतुक झाले. पृथ्वीवर आता ‘कम्बाइन’ नावाच्या परक्या सत्तेचे राज्य आहे, माणसे ‘सिटी १७’ नावाच्या शहरात दबून राहत आहेत आणि गॉर्डन तिथे परत येतो. इथे त्याला साथ मिळते ती शास्त्रज्ञ इलाय व्हान्स आणि त्यांची मुलगी ॲलिक्स हिची.

इतकी वर्षे पुन्हा लागू नयेत म्हणून कंपनीने ठरवले की पुढची कथा लहान लहान तीन भागांत द्यायची. त्यांना ‘एपिसोड’ म्हटले गेले. पहिला जून २००६ मध्ये आला, दुसरा ऑक्टोबर २००७ मध्ये. तिसरा २००७ संपेपर्यंत येईल असे २००६ मध्ये सांगण्यात आले होते. दुसऱ्या एपिसोडच्या शेवटी ॲलिक्सच्या डोळ्यांसमोर तिच्या अब्बांचा जीव जातो. बर्फाळ उत्तर ध्रुव प्रदेशात ‘बोरिॲलिस’ नावाचे एक हरवलेले जहाज सापडले आहे, तिकडे जायचे ठरलेले असते. मुलगी वडिलांच्या देहाला बिलगून रडते आणि पडदा काळा होतो.

पुढे काय, ते आलेच नाही.

रिकाम्या जागेतले अंदाज

पहिली काही वर्षे कंपनी ‘काम चालू आहे’ असे काहीसे बोलत होती. मग तेही थांबले. व्हॉल्व्ह ही खासगी मालकीची कंपनी आहे. तिचे शेअर बाजारात नाहीत, त्यामुळे पुढच्या वर्षी काय विकणार हे भागधारकांना सांगण्याची तिला गरज नसते. चाहत्यांना मात्र प्रत्येक शांततेत काहीतरी ऐकू येऊ लागले.

मग हिशेब सुरू झाले. कुठलीही तारीख घ्या, आकड्यांची बेरीज करा, वजाबाकी करा, भागा, उत्तर ‘तीन’ येईपर्यंत थांबू नका. आले की ओरडा, ‘‘हाफ-लाइफ तीन कन्फर्म!’’ न्यूवेल यांनी भाषणात तीन मुद्दे सांगितले तरी तो पुरावा. दुसऱ्या बाजूने कोणी दाखवून दिले की या कंपनीला तीनपर्यंत मोजताच येत नाही : हाफ-लाइफ २, पोर्टल २, टीम फोर्ट्रेस २, लेफ्ट फोर डेड २, डोटा २. सगळे दोनवर थांबलेले. बहुतेकांना हा विनोद आहे हे ठाऊक होते. पण विनोद शंभर वेळा ऐकला की त्यातला थोडा भाग मनाला खरा वाटू लागतो.

काही सुगावे याहून बरे होते. २०११ च्या ‘पोर्टल २’ मध्ये एका कोपऱ्यात जहाजाची रिकामी गोदी दिसते आणि तिथल्या वस्तूंवर ‘बोरिॲलिस’ हे नाव असते. चाहत्यांना वाटले, कथा पुढे नेण्याची ही तयारी आहे. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी चाहत्यांनी ठरवून एकाच वेळी ‘हाफ-लाइफ २’ खेळायला घेतला. १३,००० हून अधिक जण त्यात सामील झाले. त्यांची मागणी साधी होती : गेम द्या असे आम्ही म्हणत नाही, निदान काहीतरी बोला. कंपनी बोलली नाही.

कळले, दिसले, वाटले

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत आमच्या शाळेत दरवर्षी जे होते, ते इथे आठवते. ‘निकाल उद्या एक वाजता’ असा संदेश बोर्डाने काही जाहीर करण्याच्या कितीतरी आधी पालकांच्या मोबाइलवर फिरत असतो. अशा वेळी आम्ही मुलांना वहीच्या पानावर तीन रकाने आखायला सांगतो. पहिला ‘कळले’ : ज्याच्या हातात ती गोष्ट आहे त्याने स्वतः सांगितलेले. दुसरा ‘दिसले’ : कोणी सांगितले नाही, पण प्रत्यक्ष काही सापडले आहे. तिसरा ‘वाटले’ : आपल्या मनाने जोडलेले. आता ‘हाफ-लाइफ’च्या खबरी या तीन रकान्यांत घालून पाहू.

आकड्यांचे सगळे हिशेब ‘वाटले’मध्ये गेले. त्यात अडचण नाही.

‘पोर्टल २’ मधली गोदी ‘दिसले’मध्ये. ती खरोखर आहे, कोणीही जाऊन पाहू शकतो. पण ‘म्हणून तिसरा भाग लवकरच’ हे वाक्य ‘वाटले’मध्ये जाते. एकाच खबरीचे दोन तुकडे दोन वेगळ्या रकान्यांत बसतात, हे मुलांच्या लक्षात आले की अर्धे काम झाले.

२०१३ मध्ये कंपनीच्या अंतर्गत कामकाजाची यादी बाहेर फुटली आणि तिच्यात चक्क ‘हाफ-लाइफ ३’ हे नाव होते. हेही ‘दिसले’. यावर चाहते नाचले आणि नंतर काहीच आले नाही म्हणून ‘ती यादीच खोटी’ असे म्हणणारेही निघाले. दोघांचेही चुकले. २०२० मध्ये पत्रकार जेफ कीली यांनी कंपनीच्या आतल्या लोकांशी बोलून ‘द फायनल अवर्स’ या मालिकेत जे मांडले, त्यातून कळले की २०१३ आणि २०१४ च्या सुमारास ‘हाफ-लाइफ ३’ वर खरोखर काम झाले होते. ठरावीक प्रसंगांच्या जोडीला दर वेळी संगणकाने नव्याने रचलेले प्रसंग, अशी ती कल्पना होती. पण ज्या सॉफ्टवेअरच्या पायावर गेम उभा राहायचा, ते नवे ‘सोर्स २’ इंजिनच तेव्हा अपुरे होते. काम बंद पडले. यादी खरी होती, काम खरे होते, गेम मात्र झाला नाही. चूल पेटलेली दिसली म्हणजे जेवण वाढले जाईलच असे नसते.

आणि पहिला रकाना? ‘३० सप्टेंबर २००३’ हे कंपनीने स्वतः सांगितले होते. ‘तिसरा एपिसोड २००७ संपेपर्यंत’ हेही. दोन्ही ‘कळले’, दोन्ही खरे झाले नाहीत. यात कोणी फसवले असे आम्ही म्हणणार नाही. बनवणाऱ्याचा शब्द हा त्याचा इरादा असतो आणि इराद्यालाही अडचणी येतात. म्हणून पहिल्या रकान्यातल्या गोष्टीसमोरही तारीख लिहून ठेवावी : हे कधी कळले, आणि त्यानंतर काय झाले.

काहींचे अंदाज बरोबरही आले

अंदाज बांधणारे सगळे रिकामटेकडे असे समजणे अन्यायाचे होईल. व्हॉल्व्हच्या इतर गेमचे अपडेट आले की काही चाहते त्यातल्या फाइल ओळीओळीने वाचतात. त्यांत त्यांना ‘एचएलव्हीआर’ अशी अक्षरे सापडली होती. त्यांनी म्हटले, हा ‘हाफ-लाइफ’ असणार आणि डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायच्या व्हीआर पद्धतीचा असणार. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’ जाहीर केला आणि २३ मार्च २०२० रोजी तो आला. व्हीआरच होता. तिसरा भाग मात्र नव्हता. कथा दुसऱ्या भागाच्या आधीची होती आणि तिच्या शेवटी, तेरा वर्षांपूर्वी जिथे पडदा पडला होता तोच प्रसंग बदलून दाखवला गेला. ॲलिक्सचे अब्बा वाचतात, पण त्या ब्रीफकेसवाल्याच्या ताब्यात आता ॲलिक्स स्वतः जाते. रडणे थांबले आणि नवी वाट सुरू झाली.

नंतर ‘एचएलएक्स’ अशी अक्षरे फाइलींत सापडू लागली. ३१ डिसेंबर २०२४ रोजी ब्रीफकेसवाल्याला आवाज देणारे नट माइक शपिरो यांनी त्या पात्राच्या आवाजात नव्या वर्षाची एक छोटी फीत टाकली, सोबत गेमचे आणि कंपनीचे नाव. लगेच ‘२०२५ मध्ये येणार’ सुरू झाले. वहीचे पान समोर असेल तर उत्तर सोपे आहे. अक्षरे दिसली, फीत दिसली. वर्ष वाटले.

लेखकाचे पत्र

या कहाणीतला एक भाग आम्हाला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो. मार्क लेडलॉ हे ‘हाफ-लाइफ’च्या कथेचे प्रमुख लेखक. २०१६ मध्ये ते कंपनी सोडून गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी तिसऱ्या एपिसोडसाठी मनात असलेली कथा एका पत्राच्या रूपात प्रसिद्ध केली. पात्रांची नावे बदललेली, पुरुष असलेल्यांना स्त्री केलेले, पण ओळखणाऱ्यांनी लगेच ओळखले. दहा वर्षे वाट पाहिलेल्यांना शेवट वाचायला मिळाला. अनेकांना ते निरोपाचे पत्र वाटले.

पुढे एका मुलाखतीत लेडलॉ यांनी ते पत्र प्रसिद्ध केल्याचा खेद व्यक्त केला. सोबत काम केलेल्या मंडळींना आपण अडचणीत टाकले, गेम बनवताना कथा बदलत जाते आणि ती अशी परस्पर संपवायला नको होती, असा त्यांचा सूर होता. चाहत्यांची ओढ, लेखकाचा एकटेपणा, कंपनीचे मौन, या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरी हाती आलेले पत्र गेम नव्हता.

मग गेम का आला नाही? याचे उत्तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळाले. दुसऱ्या भागाला २० वर्षे झाली म्हणून व्हॉल्व्हने एक माहितीपट काढला. त्यात तिसऱ्या एपिसोडचे अर्धवट काम पहिल्यांदा दाखवले : बर्फाच्या भिंती उभारणारी बंदूक, पाण्यासारखा आकार बदलणारा शत्रू. साधारण सहा महिने काम झाले होते. मग ‘लेफ्ट फोर डेड’ पुरा करण्यासाठी सगळे तिकडे वळले आणि परत येईपर्यंत उमेद निघून गेली होती. न्यूवेल यांचे म्हणणे असे की कथा पुढे नेणे एवढेच पुरेसे कारण नव्हते, नवे काय देणार याचे उत्तर आपल्याला सापडत नव्हते. चाहते गुप्त खुणा शोधत होते. आत कुठली गुप्त योजना नव्हती, काही माणसे अडली होती.

वाट पाहण्याचे दोन प्रकार

काही चाहत्यांनी वाट पाहण्याचा दुसरा मार्ग धरला. २००५ च्या आसपास काही जणांनी पहिला ‘हाफ-लाइफ’ नव्या तंत्रात नव्याने बनवायला घेतला. वेगवेगळ्या देशांतली माणसे, बहुतेकांचे काम फावल्या वेळातले. २०१२ मध्ये ‘ब्लॅक मेसा’ या नावाने मोठा भाग फुकट दिला, आणि मार्च २०२० मध्ये पूर्ण गेम आला. व्हॉल्व्हने त्यांना तो विकण्याची परवानगी दिली. लेडलॉ यांच्या पत्रावरून ‘प्रोजेक्ट बोरिॲलिस’ नावाचा गेम बनवणारा गटही २०१७ पासून काम करतो आहे. या मंडळींनी त्या वर्षांत प्रोग्रॅमिंग, चित्रकला, आवाज, संवादलेखन शिकून घेतले. तीच वर्षे इतरांची आकड्यांच्या बेरजेत गेली. ओढ दोघांनाही सारखीच होती.

घरात काय करावे?

आई-वडिलांसाठी आमच्या सूचना थोड्याच आहेत.

वयाचा प्रश्न आधी. अमेरिकेतील ईएसआरबी ही संस्था गेमना वयोगट देते. ‘हाफ-लाइफ २’ आणि ‘ॲलिक्स’ हे दोन्ही तिने १७ वर्षांवरील मुलांसाठी ठरवले आहेत, कारण त्यांत रक्त आणि हिंसा आहे. लहान भावंडे आसपास असताना मोठ्याने तो खेळू नये, हे आपापसांत बोलून ठरवावे.

‘आधीच फुटलेला गेम इथे मिळेल’ अशी लिंक आली तर ती उघडू नये. जो गेम जाहीरच झाला नाही, तो कोणी घरपोच देत असेल तर तो गेमखेरीज काहीतरी दुसरेच देत असतो. बँकेचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो, त्यावर तर अजिबात नाही.

आणि मूल ‘कन्फर्म झाले’ म्हणाले तर त्याला उडवून लावू नये. ‘‘बेटा, हे कळले, दिसले की वाटले?’’ एवढेच विचारावे. सुरुवातीला ते चिडेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी स्वतःच म्हणेल, ‘‘अब्बू, हे तिसऱ्या रकान्यातले आहे, पण ऐका तर खरे.’’ तेव्हा मात्र दहा मिनिटे बसून ऐकावे. गेमच्या खबरीत चूक झाली तर नुकसान फार तर एका संध्याकाळचे. उद्या हेच मूल शेजाऱ्याबद्दल, नोकरीच्या जाहिरातीबद्दल, गावात पसरलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल फोनवर आलेला संदेश वाचणार आहे आणि तो पुढे पाठवायचा की नाही हे त्याला एकट्याला ठरवावे लागणार आहे. त्याचा सराव आज एका न आलेल्या गेमवर झाला, तर तो वेळ वाया गेला असे आम्हाला वाटत नाही.